दहा ओट्या कापूस : एका सरावपाठाचं प्रकरण

आमच्या अध्यापक विद्यालयातल्या द्वितीय वर्षाच्या एका छात्राध्यापिकेच्या आंतरवासितेतलं, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळातलं, हे प्रकरण आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. गाव एवढंसं आहे की दोन ओळींच्या वर्णनावरून माणसं ओळखू येतील. म्हणून गावाचं नाव, माणसांची नावं, कोणाची जात, यातलं काही लिहीत नाही. मुलीला मुलगी म्हणतो, छात्राध्यापिकेला छात्राध्यापिका. मुलीची आई ज्यांच्या शेतात वेचायला जायची त्यांना मालक म्हणतो; गावातही त्यांना सगळे मालकच म्हणतात. शिक्षणाची सामाजिक आणि सांस्कृतिक अधिष्ठानं हा विषय मी एकोणीस वर्षं शिकवतो आहे. या प्रकरणात माझीही एक सही आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात, मिळून चौदा मुलं. छात्राध्यापिका दिवाळीनंतर सहा आठवड्यांसाठी तिथं गेली. पाठ, परिपाठ, साहित्यनिर्मिती यांच्या जोडीला तिला एका मुलाचा व्यक्ती-अभ्यास करायचा होता. गुरुजींनी चौथीतली ही मुलगी सुचवली. वर्गात तोंड उघडत नाही, गणितात मागे, आणि हजेरी पाहा म्हणाले.

हजेरी खरंच वाईट होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा वीस दिवस भरली होती आणि मुलगी सहा दिवस आली होती. छात्राध्यापिकेनं पहिल्याच आठवड्यात अहवालाचा मसुदा लिहून टाकला. 'गैरहजेरीची कारणे' या रकान्यात वाक्य होतं : पालकांची शिक्षणाविषयी उदासीनता. हे वाक्य तिचं नाही, ते आमच्या विद्यालयाच्या हवेतच आहे. दरवर्षी मी असे चाळीसेक अहवाल तपासतो आणि त्यातल्या निम्म्यांत तरी ते जसंच्या तसं असतं. मुलीच्या घराची पायरी चढण्याआधीच ते लिहिलेलं होतं. त्याच मसुद्यात सामाजिक प्रवर्गाचा रकाना भरलेला होता. घरच्यांकडे जमीन किती, कोणाच्या शेतात जातात, मजुरी कशी मिळते, यासाठी नमुन्यात रकानाच नव्हता. तो नमुना मीच तयार केलेला आहे.

धागा सापडला तो गुरुजींच्या एका थट्टेत. "बाजाराच्या दिवशी सगळे पोट्टे दांडी मारतेत, ही एकटी तेवढी येते." छात्राध्यापिकेनं हजेरीपट पुन्हा काढला. सहा हजेऱ्यांपैकी चार शुक्रवारच्या. त्या भागातला आठवडी बाजार शुक्रवारी भरतो. त्या दिवशी वेचणी बंद असते, आठवड्याचा हिशोब होतो आणि बाया बाजाराला जातात. मुलगी वेचायला जाते, असा छात्राध्यापिकेनं अंदाज बांधला आणि एका संध्याकाळी ती घरी गेली.

मुलगी वेचायला जात नव्हती. तिच्या कडेवर चौदा महिन्यांचा भाऊ होता. सकाळी सातला आई शेतात गेली की संध्याकाळी काट्यावर कापसाचं वजन होईपर्यंत तो हिच्याकडे. अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, पण तिथं दिवसा बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, लेकरू ठेवून घेण्याची सोय नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली. खासगी शेतातल्या वेचणीला असं काही लागू नाही. आजी दोन वर्षांपूर्वी वारली. बाप ट्रॅक्टरवर, कधी इकडे कधी तिकडे. उदासीनता शोधायला गेलेल्या छात्राध्यापिकेला घरात दप्तर खुंटीला नीट टांगलेलं दिसलं, उंदीर लागू नये म्हणून.

आणि दाराच्या मागे, कुडाच्या भिंतीवर, मुलीच्या खांद्याच्या उंचीला कोळशाच्या रेघा दिसल्या. आधी वाटलं, भावाला खेळवताना ओढलेल्या असतील. पण त्या ओळींत होत्या. प्रत्येक ओळीत उभ्या रेघा, कुठे दहा, कुठे बारा, आणि शेवटी एक आकडा. काही ओळींच्या सुरुवातीला कुंकवाच्या टिकलीएवढं गोल.

ज्यांनी वेचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी : बाया कमरेला कापड बांधून त्याची ओटी करतात. वेचलेला कापूस ओटीत. ओटी भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंथरलेल्या कापडावर रिकामी करायची, पुन्हा आपल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागायचं. संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लटकतं, मालक वहीत आकडा लिहितात आणि किलोमागे मजुरी ठरते. त्या हंगामात दुसऱ्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या दुसऱ्या फेरीला, त्या गावात किलोला १० रुपये चालू होते. पहिल्या वेच्याला झाड पांढरंशुभ्र असतं, हात भराभर चालतात. पुढच्या वेच्यांना बोंडं विरळ होतात, तेवढ्याच किलोंना जास्त वेळ लागतो.

भिंतीवरच्या उभ्या रेघा म्हणजे ओट्या. आई रात्री भाकरी थापताना सांगायची, आज किती ओट्या आणि काट्यावर किती भरलं. मुलगी लिहून ठेवायची. आई तिसरीपर्यंत शिकलेली. शुक्रवारी हिशोबाला उभं राहिलं की वहीतला आकडा आणि डोक्यातला आकडा जुळायचा नाही, म्हणून चौथीत गेलेल्या लेकीकडे हे लेखी काम आलं होतं. आणि ते गोल? ज्या दिवशी मालक घरी नसत आणि मालकीणबाई काट्यावर उभ्या राहत, त्या दिवसाची ती खूण.

छात्राध्यापिकेनं वहीत उतरवून घेतलेल्या ओळी माझ्याकडे आहेत. बिनगोलाच्या : १० ओट्या, २७ किलो. १२ ओट्या, ३२. ११ ओट्या, ३०. गोलाच्या : १० ओट्या, ३०. १२ ओट्या, ३६.

तिनं विचारलं, हे काय आहे ग? मुलगी भावाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "मालकीनबाई मोजते तवा एका ओटीचे तीन. मालक मोजते तवा तीन भरत नाई."

मग गप्प. या मुलीला घटक चाचणीत गुणाकार-भागाकाराला दहापैकी तीन गुण होते.

छात्राध्यापिकेनं त्याच रात्री मला फोन केला. तिचा आवाज मला अजून आठवतो. मला ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला तो अभ्यास आठवला, १९८५ साली छापून आलेला. रस्त्यावर नारळ विकणारी मुलं गिऱ्हाइकाशी बोलताना जवळजवळ सगळे हिशोब बिनचूक करत होती आणि तीच आकडेमोड कागदावर दिली की अडखळत होती. मी तो दरवर्षी शिकवतो. इथं कोळशानं लिहिलेलं त्याचं विदर्भातलं उदाहरण समोर आलं होतं. मी म्हणालो, याच्यावर पाठ घे.

एक गोष्ट तिनं तेव्हा सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. तिच्या वडिलांची सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे. दिवाळीच्या सुट्टीत काट्याशेजारी बसून वहीत किलो लिहायचं काम बारावीपासून तिच्याकडेच. त्यांच्याकडेही गाठोड्याच्या कापडाचं वजन आणि सकाळच्या दवाची ओल म्हणून किलो-दोन किलो कापतात. त्यामुळे भिंतीवरचा २७ चा आकडा तिला खटकलाच नाही. तिला दिसली ती दोन संख्यांमधली वजाबाकी.

पाठ शुक्रवारी ठेवला. मुलगी हजर असावी म्हणून मुद्दाम. मी निरीक्षणाला गेलो होतो, मागच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसलो. घटक : वजन. छात्राध्यापिकेनं छताच्या वाशाला स्प्रिंगचा काटा टांगला, ओढणीच्या गाठोड्यात सरकी बांधून आणली होती. पोरं पुढे सरकली. फळ्यावर तिनं 'ओटी' हा शब्द लिहिला तेव्हा तिसरीतल्या एकानं विचारलं, "म्याडम, ओटी पुस्तकात हाये काय?" नाही म्हटल्यावर त्याला झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

मग उदाहरण. दहा ओट्या कापूस. एका काट्यावर २७ किलो भरला, दुसऱ्या काट्यावर ३०. किलोला १० रुपये मजुरी, तर मजुरीत फरक किती?

चौथीतली पोरं वहीत २७ गुणिले १० मांडायला लागली. मुलगी न मांडता म्हणाली, "तीस रुपये." छात्राध्यापिकेनं तिचा आवाज वर्गात पहिल्यांदा ऐकला. ती एकदम खुलली. "शाब्बास! कसं ओळखलंस?" पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, हा प्रश्न होता, मीच लिहायला सांगितला होता. उत्तरामागचा विचार मुलांकडून वदवून घ्यावा.

मुलगी म्हणाली, "मालकाच्या काट्याचं हाये हे."

दोन पोरं हसली. सगळ्यांनी वळून खिडकीजवळ पाहिलं. तिथं मालकांचा मुलगा बसला होता. तोही चौथीतच. त्यानं मान खाली घातली आणि पेन्सिलीचं टोक पाटीवर दाबत राहिला, मोडेपर्यंत. छात्राध्यापिकेला काय झालं ते अर्धवट कळलं. ती म्हणाली, "असू दे, पुढचं उदाहरण." गुरुजी दारात उभे होते, ते आत आले नाहीत.

मी निरीक्षण वहीत लिहिलं : परिसराशी उत्तम सांगड. मुलांच्या अनुभवविश्वाचा प्रभावी वापर. वीसपैकी अठरा. सही.

सोमवारी मालक शाळेत आले. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक लागतात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा लागते, निम्म्या बाया लागतात. इथं हे सगळं आहे. मुलीच्या शेजारची, मालकांकडेच वेचायला जाणारी बाई समितीची सदस्य आहे, ती ठरावावर सही करते. कागदात कोणाला बोट ठेवायला जागा नाही. शाळेतला टीव्ही आणि पाण्याची टाकी मालकांच्या देणगीतून आली आहे हेही लिहायला हवं, कारण ते खरं आहे आणि त्यांनी त्याचा कधी गाजावाजा केलेला नाही.

ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले, चहा घेतला. "गुरुजी, हिशोबाचा धडा चांगला झाला म्हन्ते पोट्टा." गुरुजी काही बोलले नाहीत. मग छात्राध्यापिकेकडे पाहून म्हणाले, "म्याडम, मले बी खरेदीवर कापतेत. ओलावा आठ टक्क्याच्या वर गेला का भाव कापला, बाराच्या वर गेला का गाडी वापस. तो धडा कधी घेता?"

मला हा प्रश्न आजही टोलवता येत नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचे हे आकडे खरेच तसे आहेत. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर खरेदी नाही. कापण्याची ही साखळी वरून खाली येते आणि सगळ्यात शेवटी ज्या बाईच्या ओटीशी थांबते तिला पुढे कापायला कोणी उरत नाही. मालक लबाड होते का, हे या प्रकरणातून सिद्ध होत नाही. दव असेल, कापडाचं वजन असेल, मालकीणबाई हात सैल सोडत असतील. मुलीच्या भिंतीवरून एवढंच दिसत होतं की दोन माणसं एकच कापूस वेगवेगळा मोजतात, आणि ते कोणाच्या तरी लक्षात आलेलं आहे. नेमकं हेच आम्ही फळ्यावर लिहिलं होतं.

तिसऱ्या वेच्याला मुलीच्या आईला बोलावणं आलं नाही. बाकीच्या बायांना आलं. कोणी काही बोललं नाही, नुसता निरोप आला नाही. ती मग दुसऱ्या गावच्या वेचणीला टेम्पोतून जायला लागली, पहाटे पाचला निघून अंधार पडल्यावर परत. मुलीच्या शुक्रवारच्या हजेऱ्याही गेल्या, कारण त्या गावचा बाजार वेगळ्या वारी.

आंतरवासिता संपायच्या आधी छात्राध्यापिका पुन्हा त्या घरी गेली. दारामागची भिंत शेणामातीनं ताजी सारवलेली होती. रेघ एकही नाही. आईनं तिला बसायला पोतं दिलं, चहा केला, आणि राग न दाखवता म्हणाली, "म्याडम, तुमी लेकीले हुशार म्हनलं, बरं वाटलं मले. पन हुशारी कोठी काढाची अन् कोठी झाकाची, हे बी शिकवा ना जी."

इथवर घडलेलं. आता त्याच्याकडे पाहायचं कसं, याबद्दल.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं पहिलंच तत्त्व, शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा. आमच्याकडचा प्रत्येक विद्यार्थी ते परीक्षेत लिहितो. घराघरात साठलेल्या ज्ञानाकडे शिक्षकानं पुंजी म्हणून पाहावं, ही मांडणी लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केली. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात शिक्षक स्वतः मेक्सिकन मूळ असलेल्या कष्टकरी कुटुंबांत जाऊन बसले, शेती, बांधकाम, औषधी, पैशाचे व्यवहार यातलं त्यांना काय काय येतं ते पाहिलं. छात्राध्यापिकेनं तेच केलं. तिची गृहभेट मी पाहिलेल्या शंभर गृहभेटींपेक्षा सरस होती. हे वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की पुस्तकातली बटाटे-टोमॅटोची उदाहरणंच बरी.

गफलत झाली ती वेगळ्या ठिकाणी. 'मुलाचं अनुभवविश्व' असं म्हणताना ते कुणाच्या मालकीचं नसतं, झाडाखाली पडलेल्या मोहफुलासारखं उचलून आणता येतं, असं आम्ही धरून चाललो. त्या भिंतीवरचं गणित आई, मालक आणि काटा या तिघांमध्ये तयार झालेलं होतं. ते दारामागे होतं, समोरच्या भिंतीवर नव्हतं. छात्राध्यापिकेनं वहीत रेघा उतरवल्या, त्या दारामागे का आहेत हे विचारलं नाही. मुलगी वर्गात गप्प बसते, याला आम्ही न्यूनगंड म्हणत होतो. आता मला वाटतं, त्यात बराच भाग शहाणपणाचा होता.

वर्धा आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताच्या उद्योगातून शिक्षणाचा, उल्लेख आमच्या तासांना अटळ असतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला, सूतकताई हा मध्यवर्ती उद्योग झाला. तकलीवर काढलेले तार मोजून मुलं गणित शिकत. म्हणजे कापूस वर्गात आणण्याची कल्पना आमच्या भागाला नवी नाही. फरक एवढा की तिथं कातणारे हात मुलांचे, तकली मुलांची आणि मोजमाप शाळेचं. आमच्या पाठात कापूस मालकाचा, काटा मालकाचा, वही मालकाची. आईची फक्त ओटी.

आणि अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई. शाळा म्हणजे समाजाचं छोटं रूप, हे वाक्य आमच्या पोरांना झोपेतही येतं. त्याच ड्यूईनं १९१६ मध्ये पुढचं एक म्हटलं आहे, जे परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत सहसा येत नाही. शाळेनं समाजातलं सगळंच जसंच्या तसं आत घ्यायचं नसतं, नको ते गाळून घ्यायचं असतं. त्या शुक्रवारी आमच्या चौदा मुलांच्या खोलीत छोटं रूप अगदी हुबेहूब उतरलं होतं. खिडकीजवळ मालकाचा मुलगा, दारापाशी मजुराची मुलगी, मधे काटा. गाळणी धरायची ती शिक्षकानं, आणि छात्राध्यापिकेच्या हातात त्या दिवशी खडू होता.

मालकांच्या मुलाचा विचार आम्ही सगळ्यात उशिरा केला. दहा वर्षांचं पोरगं, बापाच्या काट्याबद्दल भर वर्गात ऐकतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय आणि दडपणापासून मुक्त ठेवण्याची गोष्ट आहे, ती त्यालाही लागू होते. त्याची मोडलेली पेन्सिल माझ्या निरीक्षण वहीत नाही. मला ती दिसली होती, पण नोंदवावी असं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मी हे प्रकरण नावं गाळून द्वितीय वर्षाच्या वर्गात ठेवलं. अर्धा तास वर्ग दोन गटांत भांडला. एका गटाचं म्हणणं, गणित ते गणित, तिनं खरं ते सांगितलं, मालकाला झोंबलं तर झोंबू दे. दुसऱ्या गटाला पाठच नको होता. मग मागे बसलेला एक मुलगा उठला. त्याची आई पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धानाच्या रोवण्याला जाते. तो म्हणाला, "सर, झोंबू दे म्हणणाऱ्यांच्या घरी काटा आहे का ओटी आहे, ते आधी विचारा." वर्ग शांत झाला. मी खरंच विचारलं. पहिल्या गटातल्या नऊपैकी सात जणांच्या घरी मजूर येत होते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना मागणी केली होती की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. आमच्या विद्यालयात आज जवळजवळ सगळे शेतकऱ्यांचीच मुलं-मुली आहेत, छात्राध्यापिकाही. ती मिसळलीही. पण शेतकरी म्हणजे कोण, काट्याच्या या बाजूचा की त्या बाजूचा, हा प्रश्न दीडशे वर्षांत आमच्या गावांनी बराच तीव्र केला आहे. आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्याला तो स्वतःबद्दल विचारावा लागतो, मुलाबद्दल विचारण्याआधी.

मग करायला काय हवं होतं? माझं मत सांगतो, ते चुकीचंही असू शकेल. रेघांचं गणित मुलीशी घरीच, तिच्या आईच्या समोर, कोळशानंच पुढे नेता आलं असतं. सरासरी हा शब्द तिला तिथं देता आला असता. वर्गात ओटी आणायचीच तर २७ आणि ३० बदलायला हवे होते. दोन काट्यांऐवजी एकच काटा आणि दोन वेगळी गाठोडी, इतक्या लहान बदलानं दारामागची गोष्ट दारामागे राहिली असती. आणि 'कसं ओळखलंस' हा प्रश्न, जो आम्ही आदर्श प्रश्न म्हणून शिकवतो, तो सगळ्यांसमोर सगळ्यांनाच विचारायचा नसतो. काही उत्तरांची किंमत मुलाच्या घरी मोजली जाते. ही मजुरी कमी का मिळते, हा विषय शिक्षकानं कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. पण तो सहा आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्या बाईनं दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून काढू नये.

गुरुजी त्या गावात अकरा वर्षं आहेत. त्यांना काट्याचं सगळं माहीत होतं. पाठाच्या आधी तुम्ही काही का बोलला नाहीत, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "सर, तुमची सही होती टाचणावर."

जानेवारीच्या समिती सभेत गुरुजींनी काट्याचा विषय काढला नाही. त्यांनी पाळण्याचा काढला. वेचणीच्या दिवसांत शाळेच्या आवारात लहान लेकरांसाठी झोळी बांधावी, अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना गावानं थोडं मानधन द्यावं. मालकांनी पहिली वर्गणी दिली. पाचशे रुपये. त्यांच्या शेतातल्या बायांची लेकरंही त्यातून सांभाळली जाणार होती, त्यामुळे हा व्यवहारही होता आणि भरपाईही असेल, कोण जाणे. झोळी कडुनिंबाला बांधली. मुलगी भावाला झोळीत टाकून वर्गात बसायला लागली, तो रडला की उठून जायची. फेब्रुवारीत तिची हजेरी तेवीसपैकी पंधरा. वर्गात ती पुन्हा बोलली नाही.

अहवालाचा नमुना मी बदलला. गैरहजेरीच्या कारणाआधी आता एक रकाना आहे : घरातली माणसं कोणाकडे कामाला जातात, आणि त्या घरचं मूल याच शाळेत आहे का. त्याखाली दुसरा : तुमच्या घरी कोण कामाला येतं. पहिल्या वर्षी निम्म्या छात्राध्यापकांनी दुसरा रकाना कोराच ठेवला.

अठरा गुण मी नंतर कमी केले नाहीत. चूक दोघांची होती आणि गुण तिचे एकटीचे जाणार होते.

छात्राध्यापिका पास झाली. या दिवाळीत तिचा फोन आला होता. घरची वेचणी चालू होती आणि ती नेहमीसारखी काट्याशेजारी वही घेऊन बसली होती. यंदा तिनं वहीत बाईच्या नावापुढे किलोच्या आधी ओट्यांचा रकाना आखला. संध्याकाळी वडिलांनी वही उलटली, तो रकाना पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी टीईटी काढ बाप्पा, मंग आमचा काटा तपास."

"मग?" मी विचारलं.

"रकाना आहे सर अजून. पण बाया ओट्या सांगत नाहीत मला."